गरिबाला आळशी समजून केलेली मदत महाग का पडते?

कापडाच्या धंद्यात मंदी आली आणि माग बंद पडले की दोन प्रश्न एकदम उभे राहतात. मदत किती द्यायची, आणि ती कशी द्यायची. पहिल्या प्रश्नावर बैठका होतात, रकमा लिहिल्या जातात, हिशोब मांडले जातात. दुसऱ्या प्रश्नावर फारसे कोणी बोलत नाही. रोख द्यावी की किराण्याची थैली? अर्ज भरून घ्यावा की मोहल्ल्यातील दोन जाणत्या माणसांच्या शब्दावर भागवावे? रांग लावावी की घरी पोचवावे? काम करून घ्यावे की तसेच द्यावे? या गोष्टी केवळ सोयीच्या वाटतात, पण तशा त्या नाहीत. यातील प्रत्येक निर्णयामागे माणसाबद्दलचा एक समज असतो. फुकट मिळाले की माणूस हातपाय हलवणार नाही, असे ज्याला वाटते तो मदतीभोवती कुंपण घालतो. माणूस राबणाराच आहे, फक्त वेळेने त्याला अडवले आहे, असे ज्याला वाटते तो मदतीची वाट सोपी करतो.

सरकारांचेही असेच असते. कायदे करणाऱ्यांच्या मनात माणसाचे जे चित्र असते, तेच कायद्याच्या कलमांत उतरते. हे समजण्यासाठी आपल्याच धंद्यातील, म्हणजे सूत आणि कापडाच्या धंद्यातील, एक जुनी घटना पाहू. ती इंग्लंडच्या लँकेशायरमध्ये १८६१ ते १८६५ या काळात घडली. तिचे एक टोक आपल्या मुंबईपर्यंत येते.

१८३४ चा कायदा आणि त्यामागचा समज

गरिबांच्या मदतीचा कायदा इंग्लंडमध्ये १६०१ पासून होता. प्रत्येक गावाने आपल्या गरिबांची सोय करायची आणि त्यासाठी घर-जमीनवाल्यांकडून कर घ्यायचा, अशी ती व्यवस्था. १७९५ मध्ये धान्य फार महागले. तेव्हा बर्कशायर भागातील स्पीनहॅमलँड येथे न्यायाधिकाऱ्यांनी ठरवले की मजुराची कमाई पावाच्या भावाला पुरत नसेल, तर कमी पडणारी रक्कम करातून द्यावी. कुटुंब मोठे असेल तर रक्कमही मोठी. ही पद्धत इतर ठिकाणीही कमीअधिक प्रमाणात सुरू झाली.

कर देणारे कुरकुरू लागले. १७९८ मध्ये माल्थस यांनी लोकसंख्येवरील आपला प्रसिद्ध निबंध प्रसिद्ध केला. गरिबांना अशी मदत दिली तर ते लवकर लग्ने करतात, मुले वाढवतात आणि गरिबी आणखी वाढते, असा त्यांचा रोख होता. १८३२ मध्ये सरकारने चौकशी आयोग नेमला. त्याच्या १८३४ च्या अहवालावर नासॉ सीनियर आणि एडविन चॅडविक यांची छाप होती. मदतीमुळे मजूर आळशी झाला आहे, असा त्यांचा निष्कर्ष होता. पुढे १९६३-६४ मध्ये मार्क ब्लॉग या अर्थशास्त्रज्ञाने त्याच आयोगाने गोळा केलेली माहिती पुन्हा तपासली. तो निष्कर्ष त्या माहितीवर टिकत नाही, असे त्यांनी दाखवले. मजुरी कमी होती आणि काम हंगामी होते, म्हणून मदत द्यावी लागत होती. आयोगाने कार्यालाच कारण ठरवले होते. पण तोवर कायदा होऊन सव्वाशे वर्षे उलटली होती.

या कायद्याचे मुख्य तत्त्व असे होते की, मदत घेणाऱ्याची हालत सर्वांत गरीब कमावत्या मजुराहूनही वाईट असली पाहिजे. म्हणून मदत हवी असेल तर वर्कहाऊसमध्ये, म्हणजे सरकारी गरीबखान्यात, राहायला जायचे. तेथे नवरा एकीकडे, बायको दुसरीकडे, मुले तिसरीकडे. गणवेश घालायचा, मोजून अन्न मिळायचे, कष्टाचे काम करायचे. दार उघडे ठेवायचे, पण आत यावेसे वाटू नये अशी व्यवस्था करायची, हा त्यातील हिशोब. १८४५ मध्ये अँडोव्हर येथील वर्कहाऊसचा प्रकार उघडकीला आला. खतासाठी हाडे कुटण्याचे काम दिलेले भुकेले लोक त्या हाडांना चिकटलेले मांस आणि आतील मगज खात होते. देशभर गदारोळ झाला.

कापूस येईना

हा कायदा शेतमजुरांकडे पाहून केला होता. लँकेशायरची गोष्ट वेगळी होती. मँचेस्टर, ओल्डहॅम, ब्लॅकबर्न, प्रेस्टन, रॉचडेल ही सगळी गिरण्यांची गावे. तेथील कामगार वर्षभर कमवत असे, आणि गिरणी थांबली की एका दिवसात बेकार होत असे. त्यात त्याच्या स्वभावाचा काही संबंध नसे. याच कारणाने उत्तरेकडील गिरणी-गावांनी १८३७ आणि १८३८ मध्ये या कायद्याला जोरदार विरोध केला होता.

एप्रिल १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध सुरू झाले. लँकेशायरचा सुमारे चार-पंचमांश कापूस अमेरिकेच्या दक्षिणेकडील राज्यांतून येत असे. उत्तरेच्या आरमाराने दक्षिणेची बंदरे रोखली. त्यातच १८५९-६० या वर्षांत गिरण्यांनी गरजेपेक्षा जास्त कापड काढून ठेवले होते. हिंदुस्थानचा बाजार त्यांच्याच मालाने तुंबला होता. त्यामुळे सुरुवातीला मालकांनी कामाचे तास कमी केले आणि मग एकेक गिरणी बंद होत गेली. १८६२ च्या अखेरीस जवळजवळ पाच लाख माणसे मदतीवर जगत होती.

ही माणसे कोण होती? कालपर्यंत स्वतःच्या कमाईवर घर चालवणारे सूतकताई करणारे आणि विणकर. १८४४ मध्ये रॉचडेलच्या काही विणकरांनी व कामगारांनी थोडे थोडे पैसे जमवून सहकारी दुकान काढले होते, आणि जगभरातील सहकारी चळवळ त्याच दुकानाला आपला आरंभ मानते. अशा लोकांनी मदतीसाठी लगेच हात पसरला नाही. त्यांनी आधी बचत संपवली, सहकारी दुकानातील भाग काढून घेतले. मग घरातील सामान आणि अंथरूण-पांघरूण गहाण गेले. सगळे संपल्यावरच ते मदत मंडळाच्या दारात आले. 'मदत मिळते म्हणून लोक काम सोडतात' हा समज घेऊन बसलेल्या अधिकाऱ्यांसमोर आता असे लोक उभे होते की ज्यांना काम हवे होते आणि काम जगाच्या दुसऱ्या टोकाला बंदरात अडकले होते.

कारागिराचे हात

तरीही कायदा आपल्या रुळावरून हटेना. वर्कहाऊसमध्ये एवढी माणसे मावणे शक्य नव्हते, म्हणून घरी राहून मदत देणे भाग पडले. पण त्यासाठी 'श्रमाची परीक्षा' लावली गेली. धडधाकट माणसाने दगड फोडायचे, नाहीतर जहाजांचे जुने डांबरी दोर उकलून त्यांचे तंतू काढायचे. या कामाचे मोल फारसे नव्हते. मदत मागणारा खरा गरजू आहे की आळशी, हे पाहण्यासाठी ते होते.

आपल्या वाचकांपैकी ज्यांनी माग चालवला आहे त्यांना पुढचे सांगायला नको. तुटलेला तार बोटांच्या चिमटीत धरून क्षणात गाठ मारायची असते. हे काम नजरेपेक्षा बोटांच्या कातडीवर चालते. महिनाभर दगड फोडले तर ती कातडी राहत नाही. लँकेशायरच्या कामगारांनी हीच तक्रार केली. दगड फोडण्यात त्यांना कमीपणा तर वाटत होताच, पण खरी भीती वेगळी होती. उद्या कापूस आला तर हे हात सुतावर चालतील का? ज्या परीक्षेने माणूस कामसू आहे की नाही हे ठरवायचे, तीच परीक्षा त्याचे कसब बिघडवत होती.

सुदैवाने सगळीकडे हा हट्ट टिकला नाही. मँचेस्टरला मध्यवर्ती मदत समिती उभी राहिली, लंडनहून आणि बाहेरच्या देशांतून वर्गणी आली. अनेक गावांत पुरुषांसाठी दगडांऐवजी लिहिण्या-वाचण्याचे आणि हिशोबाचे वर्ग सुरू झाले. वर्गात हजर राहायचे आणि मदत घ्यायची. बायका आणि मुलींसाठी शिवणकामाच्या शाळा निघाल्या. १८६३ मध्ये पार्लमेंटने खास कायदा करून नगरपालिकांना सार्वजनिक कामांसाठी कर्ज दिले. त्यातून गटारे, रस्ते, पाण्याची सोय आणि बागा झाल्या. ओल्डहॅमची अलेक्झांड्रा बाग, जी १८६५ मध्ये खुली झाली, ती याच काळात बेकार कामगारांच्या हातून बनली. रॉचडेलजवळच्या माळरानावरील एक फरसबंदी रस्ता आजही 'कापूस दुष्काळाचा रस्ता' म्हणून ओळखला जातो. या कामांवर सर्वांना सामावून घेता आले नाही, पण तेथे मिळणाऱ्या पैशाला मजुरी म्हणत, खैरात म्हणत नसत. हा फरक कामगाराला बरोबर कळत होता.

चिठ्ठीवरून उसळलेला दंगा

मार्च १८६३ मध्ये स्टॅलीब्रिज या गावात मदत समितीने दोन गोष्टी ठरवल्या. मदतीची रक्कम थोडी कमी करायची, आणि रोख पैशांऐवजी चिठ्ठ्या द्यायच्या. चिठ्ठी दाखवून ठरावीक दुकानातून माल घ्यायचा. दीड वर्ष उपासमार सोसून शांत राहिलेले लोक त्या दिवशी बिथरले. दगडफेक झाली, दुकाने आणि समितीची कोठारे लुटली गेली, घोडदळ बोलवावे लागले. ही आग शेजारच्या गावांतही पसरली.

रक्कम कमी झाली याचा राग होताच. पण चिठ्ठीचा राग अधिक बोलका होता. चिठ्ठीचा अर्थ असा की, तुझ्या हाती पैसा दिला तर तू दारूत घालवशील. जो माणूस काल आठवड्याची कमाई आणून घर चालवत होता, त्याला आज दोन-तीन शिलिंगांचाही विश्वास राहिला नव्हता. शिवाय चिठ्ठीने हात बांधले जातात. घरभाडे थकलेले असेल, मुलाला औषध हवे असेल, तर चिठ्ठीवर मिळालेल्या पिठाने ते भागत नाही. मग माणूस ते पीठ कमी भावात विकतो. मदत देणाऱ्याने रुपया खर्च केला आणि घेणाऱ्याच्या हाती बारा आणे पडले, असे होते.

याच कामगारांनी ३१ डिसेंबर १८६२ रोजी मँचेस्टरला सभा घेऊन, ज्या युद्धाने त्यांची रोजी घालवली त्याच युद्धात, गुलामगिरीविरुद्ध लढणाऱ्या लिंकनला पाठिंबा दिला. लिंकनने जानेवारी १८६३ मध्ये पत्राने त्यांचे आभार मानले. पोटाला चिमटा घेऊन दुसऱ्याच्या आझादीची बाजू घेणारी ही माणसे. ग्लॅडस्टन यांच्यासारख्या नेत्याने पुढे त्यांच्याच सबुरीचा दाखला देऊन कामगारांच्या मताधिकाराची बाजू मांडली, आणि १८६७ मध्ये शहरी कामगारांच्या मोठ्या वर्गाला मत मिळाले. आळशी समजल्या गेलेल्या माणसाबद्दलचा समज असा बदलला.

मुंबईचे टोक

अमेरिकेचा कापूस अडल्यावर लँकेशायरची नजर हिंदुस्थानकडे वळली. मुंबई बंदरातील कापसाचे भाव भडकले. खानदेश, वऱ्हाड, गुजरातचा कापूस सोन्यासारखा विकला गेला. मुंबईत शेअरचा आणि समुद्र बुजवण्याच्या कंपन्यांचा सट्टा रंगला, आणि युद्ध संपताच जुलै १८६५ मध्ये तो कोसळला. लँकेशायरमध्ये आपल्या कापसाला 'सुरती' म्हणत. त्याचा धागा आखूड, सारखा तुटणारा. तेथे मजुरी मालावर मिळत असे, त्यामुळे सुरती कापसावर काम करणाऱ्याची कमाई घटत असे. इकडे आपल्या हातमागवाल्यांना कापूस आणि सूत परवडेना. एकाच गाठीने एका व्यापाऱ्याला श्रीमंत केले आणि दोन देशांतील विणकरांना उपाशी ठेवले. यात कुणाच्या आळसाचा किंवा उद्योगीपणाचा काय संबंध?

तरी इंग्रज सरकारने १८३४ चा समज आपल्या दख्खनमध्येही आणला. १८७६ ते १८७८ च्या मोठ्या दुष्काळात सर रिचर्ड टेंपल यांनी दुष्काळी कामावरील मजुरी खाली आणली. दिवसाला एक पौंड, म्हणजे अर्ध्या किलोहूनही कमी धान्याची किंमत आणि वर किरकोळ रक्कम. शिवाय काम घरापासून दहा मैल दूर असावे आणि मजुराने छावणीत राहावे, म्हणजे ज्याला खरी गरज आहे तोच येईल, हा विचार. मद्रासचे आरोग्य अधिकारी डॉ. कॉर्निश यांनी एवढ्या अन्नावर राबणारा माणूस जगू शकत नाही, असे बजावले. मुंबई इलाख्यात १८७७ मध्ये मजुरांनी निषेध म्हणून कामे सोडली, आणि पुण्याच्या सार्वजनिक सभेने त्यांची बाजू मांडली. पुढे १८८० च्या दुष्काळ आयोगानंतर दुष्काळ संहिता तयार झाल्या. त्यांत विणकरांना खडी फोडायला न पाठवता त्यांच्याच मागावर काम देण्याचा मार्गही मान्य झाला. सूत द्यायचे आणि विणलेले कापड विकत घ्यायचे. लँकेशायरच्या विणकराने सांगितलेली गोष्ट सरकारी पुस्तकात यायला एवढा काळ लागला.

महाराष्ट्राने प्रश्न उलटा केला

१९७२ च्या दुष्काळात महाराष्ट्रात लाखो माणसे पुन्हा खडी फोडायला आणि माती उपसायला गेली. पण या वेळी विचार वेगळा होता. वि. स. पागे यांनी सांगली जिल्ह्यात आधीच करून पाहिलेल्या प्रयोगातून रोजगार हमी योजना उभी राहिली. १९७७ मध्ये तिचा कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो लागू झाला. 'मागेल त्याला काम' हे त्याचे सूत्र होते, आणि काम देता आले नाही तर बेकारी भत्ता देण्याची जबाबदारी सरकारवर होती. दगड तोच, हातोडा तोच. पण पूर्वी दगड फोडायला लावून माणसाची परीक्षा घेतली जात होती, आता माणूस काम मागून सरकारची परीक्षा घेत होता. २००५ मध्ये संसदेने देशभरासाठी असाच कायदा केला तेव्हा महाराष्ट्राचा अनुभव समोर होता.

व्यापारी बांधवांनी हे लक्षात ठेवावे की या योजनेसाठी महाराष्ट्राने १९७५ मध्ये व्यवसाय कराचा कायदा केला. पगारदार आणि व्यापारी तो कर भरत आले आहेत. शहरातल्या कमावत्याने गावातल्या बेकाराला काम मिळावे म्हणून वाटा उचलायचा, असा तो करार होता.

या योजनेत गैरप्रकारही झाले. हजेरीपटावर खोटी नावे चढली. पण ती कोणी चढवली? उन्हात दगड फोडणाऱ्या बाईने नाही. ज्यांच्या हाती वही आणि पैसा होता त्यांनी. पहारा कोठे बसवायचा हे या एका गोष्टीवरून कळते. शिवाय ही योजना मुख्यतः गावापुरती आणि मातीकामापुरती होती. भिवंडी, मालेगाव, इचलकरंजीच्या यंत्रमाग कामगाराला आणि कांडी भरणाऱ्या बाईला तिचा फारसा आधार नव्हता. त्यांची सोय समाजानेच करायची राहिली, आणि ती राहिलेलीच आहे.

रोख दिली तर लोक काम सोडतात का?

हा प्रश्न आता तर्काने सोडवण्याचा राहिलेला नाही. मुंबईत जन्मलेले आणि २०१९ मध्ये नोबेल मिळालेले अर्थशास्त्रज्ञ अभिजित बॅनर्जी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सहा विकसनशील देशांतील सात रोख-मदत योजनांची तपासणी करून २०१७ मध्ये निष्कर्ष मांडले. मदत मिळालेली आणि न मिळालेली कुटुंबे चिठ्ठ्या टाकून ठरवली होती, त्यामुळे तुलना सरळ होती. मदतीमुळे लोक कमी काम करू लागले, असा कोणताही पद्धतशीर पुरावा सापडला नाही. जागतिक बँकेच्या अभ्यासकांनी १९ अभ्यास एकत्र करून आणखी एक गोष्ट पाहिली. रोख मदत मिळाल्यावर दारू-तंबाखूचा खर्च वाढतो का? बहुतेक ठिकाणी तो वाढला नव्हता, काही ठिकाणी कमीच झाला होता.

याचा अर्थ सगळी माणसे फरिश्ते आहेत असा नाही. दोन ठिकाणांहून मदत घेणारा, गरज नसताना नाव घालणारा प्रत्येक गावात एखादा असतोच. प्रश्न एवढाच की त्या एकाला पकडण्यासाठी उरलेल्या नव्वद जणांची बोटे दगडावर घासायची का?

इस्लाम माणसाला काय समजतो?

कुरआनने माणसाची दोन्ही रूपे सांगितली आहेत. सूरह अत-तीनमध्ये त्याला उत्तम घडणीचा म्हटले आहे आणि सूरह अन-निसामध्ये कमजोर. म्हणून आपल्या दीनमध्ये मदत भोळीही नाही आणि संशयीही नाही. जकातीला निसाब आहे, सूरह अत-तौबामध्ये तिचे आठ हकदार ठरवून दिले आहेत, मनमानीला जागा नाही. त्याच वेळी सूरह अल-बकरामध्ये उपकार बोलून दाखवून आणि मन दुखवून सदका वाया घालवू नका, अशी ताकीद आहे. त्याच सूरहमध्ये अशा गरजूंचा उल्लेख आहे जे इज्जतीपायी मागत नाहीत आणि न जाणणारा त्यांना खाऊन-पिऊन सुखी समजतो. रांग लावणारी मदत नेमकी या सफेदपोश माणसाला गाळते.

हनफी फिकहमध्ये जकात अदा होण्यासाठी तमलीकची अट आहे, म्हणजे हकदाराला त्या मालाचा मालक केले पाहिजे. बसवून जेवू घातले तर एवढ्याने जकात अदा होत नाही. या अटीचा तपशील आलिमांना विचारावा. आम्हाला धंद्याच्या नजरेतून त्यात एक मोठी गोष्ट दिसते. मालक झालेला माणूस आपली गरज स्वतः ठरवतो. वस्तूऐवजी तिची किंमत देण्याची मुभाही हनफी मसलकात आहे. इमाम अबू हनीफा (रह.) स्वतः कूफ्यातील कापडाचे व्यापारी होते, बाजारात पैशाची गरज काय असते हे ते जाणून होते.

अबू दाऊदच्या हदीस संग्रहातील प्रसंग सर्वांना ठाऊक आहे. एक अन्सारी मदत मागायला आला. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी त्याला घरात काय आहे ते विचारले. एक चादर आणि एक प्याला होता. ते मागवून लिलावात दोन दिरहमला विकले. एका दिरहमचे घरी अन्न न्यायला सांगितले आणि दुसऱ्याची कुऱ्हाड आणायला लावली. तिला आपल्या हाताने दांडा बसवून दिला आणि पंधरा दिवस लाकडे तोडून विकायला सांगितले. तो दहा दिरहम कमावून परतला. या प्रसंगात क्रम पाहावा. आधी घरच्यांच्या पोटाची सोय, मग अवजार, मग मुदत. त्या माणसाला ओझे वाहणारे काम परीक्षा म्हणून दिले नव्हते. त्याच्या हाती रोजीचे साधन दिले होते आणि कमाई त्याचीच होती.

आपल्या बाजारात

आपल्या धंद्यात एक विचित्र गोष्ट दिसते. ज्या मागवाल्याला आपला बाजार लाख रुपयांचे सूत उधारीवर देतो, तोच मागवाला मंदीत सापडला की दोन हजारांच्या मदतीसाठी त्याच्याकडे तीन कागद आणि एक फोटो मागितला जातो. उधारी देताना आपण काय पाहतो? त्याचे कसब, त्याचा मागचा व्यवहार, शेजाऱ्यांचे मत. ही पारख व्यापाऱ्याकडे पिढ्यान्पिढ्या आहे. मदत देतानाही तीच वापरली पाहिजे. २०२० मध्ये टाळेबंदीत माग एकदम थांबले तेव्हा अनेक घरांत धान्याच्या तीन-तीन थैल्या आल्या आणि भाड्याला, विजेच्या बिलाला, औषधाला पैसा नव्हता. देणाऱ्यांची नीयत साफ होती, पण पद्धत चुकीच्या समजावर उभी होती.

आमच्या मते जकात आणि मदत समित्यांनी या गोष्टींचा विचार करावा.

पहिली, शक्य तेथे रोख द्यावी, आणि एकदा थोडी देण्यापेक्षा तीन महिने ठरलेल्या तारखेला द्यावी. माणूस त्यावर बेत आखू शकतो.

दुसरी, अवजार वाचवावे. मंदीत आधी माग भंगारात जातो, शिलाई मशीन विकली जाते, विजेची जोडणी तुटते. थकलेले बिल किंवा गहाणाची रक्कम वेळेत दिली तर ते कुटुंब स्वतः उभे राहते. उशिरा दिलेल्या दुप्पट रकमेनेही ते होत नाही.

तिसरी, काम द्यायचे असेल तर त्याच्या कसबाचे द्यावे. चार व्यापाऱ्यांनी मिळून सूत द्यावे, मजुरी द्यावी आणि कापड साठवून ठेवावे. बाजार उठला की माल निघतो.

चौथी, यादी मोहल्ल्यातील जाणत्या स्त्री-पुरुषांकडून गुपचूप करावी. रांग नको, फलक नको, वर्तमानपत्रात छायाचित्र नको.

पाचवी, पहारा देणाऱ्यावर बसवावा. दोन सह्या, पावती, वर्षाअखेरीस हिशोबाची तपासणी आणि तो जमातीपुढे वाचून दाखवणे. घेणाऱ्याचे नाव झाकावे, देणाऱ्याची वही उघडी ठेवावी.

यात दानाचा सवाब आहे तसा बाजाराचा हिशोबही आहे. चांगला विणकर तयार व्हायला वर्षे लागतात. मंदीत तो शहर सोडून गेला, हमाली किंवा बांधकामाला लागला, की तेजी आल्यावर तो परत मिळत नाही. मग आपणच म्हणतो की कारागीर राहिले नाहीत, मालाचा दर्जा गेला. लँकेशायरने आपल्या बेकार कामगारांना त्या वर्षांत कसेबसे जगवले म्हणून कापूस परत आल्यावर गिरण्या चालवायला हात शिल्लक होते. येत्या रमजानच्या आधी समित्यांच्या बैठका होतील तेव्हा रकमेबरोबर हा दुसरा प्रश्नही कार्यक्रमपत्रिकेवर घ्यावा: आपण ज्याला देणार आहोत त्याला आपण काय समजतो? त्याचे उत्तर आधी ठरले, तर पद्धत ठरवायला वेळ लागणार नाही.